ओलावीच्या दातेरी टायरांचा तपास

"ज्या माणसानं चौतीस वर्षं लोकांच्या पायांशी बसून त्यांची मनं वाचली, त्याच्यापासून या जिल्ह्यात काहीही लपून राहू शकत नाही. त्याची नजर ससाण्याची आहे, कान हरणाचे आहेत आणि गुडघे, गुडघ्यांचं राहू दे. सामान्य माणसाला बर्फात पाऊल दिसतं. त्याला पावलात माणूस दिसतो. तो अत्यंत विनम्र आहे, इतका की या जिल्ह्यात त्याच्याएवढा विनम्र दुसरा कोणी नाही."

हे आर्वोकाकांचं वर्णन आहे आणि ते आर्वोकाकांनीच केलं आहे. "प्रकरण लिहिणार असशील तर सुरुवात अशी कर," असं सांगून त्यांनी मला ते उभ्या उभ्या सांगून लिहून घ्यायला लावलं आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचून दाखवायला लावलं.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी आयुष्यभर जोड्यांच्या दुकानात विक्रेत्याचं काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर आठवड्याभरात ते गुप्तहेर झाले. या प्रकरणाच्या आधी त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. चर्चमधून नाहीशा झालेल्या कॉफीच्या किटलीचं (ती कोणीतरी घासायला नेली होती), वाचनालयात ऐकू येणाऱ्या उसाशांचं (हीटर), आणि त्यांच्या स्वतःच्या चष्म्याचं. ते तिसरं अजून उघडं आहे.

मदतनीस मी, हेल्वी. ओलावी आणि सेल्मा सारेला यांची एकुलती मुलगी. मदतनिसाचं काम म्हणजे वही धरणं आणि गुप्तहेराला उठताना हात देणं.

बाबा मे महिन्यात गेले.

आमचं कूसी गावातलं घर मोठ्या रस्त्यापासून दोनशे चाळीस पावलं आत आहे. उन्हाळ्यात हे अंतर म्हणजे काहीच नाही. नोव्हेंबर ते एप्रिल मात्र ते रोज मोकळं करावं लागतं, सरोवरावरून वारा आला तर दिवसातून दोनदा. नाहीतर टपाल येत नाही, गॅसची गाडी येत नाही, आणि वेळ आलीच तर अँब्युलन्सही येणार नाही. बाबा हे काम गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवर करायचे. पुढे बर्फ ढकलायचं पातं लावायचं, मागची गवतावरची गुळगुळीत चाकं काढायची आणि खोल दात्यांच्या टायरांची जोडी चढवायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी हे काम, दुपारी कॉफी, संध्याकाळी अंगणातल्या सौनाच्या खोपीत वाफेची आंघोळ. चाळीस वर्षं यात बदल झाला नाही.

"या वर्षी ट्रॅक्टर मी चालवीन," असं आईचं म्हणणं. आई त्र्याहत्तर वर्षांची आहे, ग्रीन बे शहरात माझ्या घरात एक खोली रिकामी आहे आणि तिला मी नवा रंग दिला आहे, हे माझं म्हणणं. आम्ही भांडलो नाही. आमच्या घरात भांडण म्हणजे दार नेहमीपेक्षा हळू लावणं. शेवटी असं ठरलं: पहिला मोठा बर्फ पडायच्या आत ट्रॅक्टर हिवाळ्यासाठी तयार झाला, तर आई इथेच राहील. नाही झाला, तर ती मुकाट्यानं माझ्या गाडीत बसेल.

सोमवारी रेडिओवर सांगितलं की गुरुवारी सकाळपर्यंत चौदा इंच बर्फ पडेल. मी टायरं काढायला शेडमध्ये गेले. भिंतीवर दोन जाड खुंट्या आहेत, उन्हाळाभर दातेरी टायरं तिथे टांगलेली असतात. खुंट्या रिकाम्या होत्या.

टायरच्या दुकानदारानं सांगितलं, हे माप तीन आठवड्यांनी मिळेल. मी सहज काकांना फोन केला.

"कशालाही हात लावू नकोस," काका म्हणाले. "श्वाससुद्धा बेतानं घे."

*

मंगळवारी सकाळी काका आले ते शिकारीची भगभगीत नारिंगी टोपी आणि नारिंगी जाकीट घालून. शिकारीचा मोसम तोंडावर आला की आमच्याकडे अर्धा जिल्हा याच वेषात फिरतो.

"कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून," ते हळूच म्हणाले. "वहिनी, कॉफी आहे?"

"आहे की, भावजी," आई म्हणाली. "पण चोर पळून जाईल ना तोवर?"

"चोर कॉफीला थांबतो. त्याला घाई झाली की तो चुकतो. आणि ती वेलदोड्याची नीसू शिल्लक असेल तर..."

नीसूचे, म्हणजे आईच्या गोड पावाचे, तीन जाड काप संपल्यावर तपास सुरू झाला.

शेडच्या मधोमध ट्रॅक्टर उभा होता, हिरव्या ताडपत्रीखाली. ताडपत्री जमिनीपर्यंत आलेली, दोरीनं बांधलेली, दोरीला दोन गाठी. एप्रिलमध्ये दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बाबांनी त्या मारल्या होत्या. त्यानंतर ते शेडमध्ये आले नाहीत. उन्हाळाभर आमचं गवत शेजारच्या कालेर्वोनं त्याच्या यंत्रानं कापलं, कारण आईनं त्या गाठींना कोणाला हात लावू दिला नव्हता. आताही "टायरं मिळाली की बघू," एवढंच ती म्हणाली होती. मीही आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या सोडायच्या नव्हत्या.

काका ताडपत्रीवरून ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसले.

"इथून सगळं दिसतं," ते म्हणाले. "हे आपलं मुख्य कार्यालय. लिही. जागा, शेड. कडी, शाबूत. खिडकी, शाबूत. म्हणजे?"

"म्हणजे कोणी फोडून आत आलं नाही?"

"म्हणजे चोर पातळ आहे." त्यांनी दाराखालच्या चार बोटांच्या फटीकडे भिंगातून पाहिलं. "फार पातळ."

मग आम्ही शेड धुंडाळली. बाकाखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. मी ओढून बाहेर काढलं. दोन चाकं. गोणपाट सोडल्यावर गुळगुळीत रबर दिसलं, आणि त्यावर खडूनं लिहिलेलं बाबांचं अक्षर: एकावर "डावं", दुसऱ्यावर "उजवं". त्यांच्या अक्षरातली दांडी नेहमी थोडी मागे झुकायची, वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसासारखी. मी ते अक्षर जरा जास्त वेळ पाहत राहिले.

"सापडली?" काका सीटवरून ओरडले.

"ही गवताची आहेत. गुळगुळीत."

"मग काय उपयोग? ठेव परत." त्यांनी हात झटकला. "पण लिही. चोरानं गुळगुळीत टायरं मुद्दाम सोडली. म्हणजे चोराकडे गवत नाही. गवत नसलेला, पातळ माणूस. वर्तुळ लहान होतंय, हेल्वी."

मी चाकं पुन्हा गोणपाटात गुंडाळली. पुढे जे झालं ते पाहता, त्या क्षणी काकांना हसायचा मला काहीच अधिकार नव्हता.

त्यानंतर काकांना दुसरा पुरावा सापडला. ते सीटवरून खाली उतरले आणि त्यांचा बूट जमिनीला चिकटला. ताडपत्रीच्या कडेला एक काळपट, तपकिरी ओघळ आला होता, बशीएवढा.

"रक्त," काका म्हणाले.

"काका, रक्त चिकट नसतं एवढं."

"जुनं रक्त असतं." त्यांनी बोट टेकवलं, हुंगलं, आणि मी अडवायच्या आत चाखलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "गोड आहे. काकवी! हेल्वी, ही काकवी आहे!"

"शेडमध्ये काकवी?"

"चोराच्या हातावरची. टायर उचलताना टपकली. आता सांग, काकवी घालून राय धान्याचा काळा पाव कूसीत कोण भाजतं?"

मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यावंसं वाटत नव्हतं. कालेर्वो निस्कानेन, आमचा शेजारी, बायको गेल्यापासून दर बुधवारी पाव भाजतो. त्याचा वास आमच्या टपालपेटीपर्यंत येतो.

"कालेर्वो पातळ नाही," मी म्हणाले. कालेर्वो दारातून आत येताना जरा तिरका होतो.

"तो सिद्धांत मी सोडून दिला," काका म्हणाले. "मोठ्या मनाचा गुप्तहेर सिद्धांताला कवटाळून बसत नाही."

*

मोठ्या मनाला लगेच बळकटी मिळाली. सोमवारी रात्री बर्फाचा हलका शिडकावा झाला होता, पिठाच्या चाळणीतून पडावा तसा. सौनाच्या मागून कुरणातून थेट कालेर्वोच्या गोठ्यापर्यंत ट्रॅक्टरच्या चाकांचे दोन पट्टे गेले होते. खोल दाते, बाणासारखी नक्षी, एकामागोमाग एक, आणि प्रत्येक बाणाचं टोक कालेर्वोच्या गोठ्याकडे.

काकांनी टोपी काढून छातीशी धरली.

"चौतीस वर्षं मी जोडे विकले," ते म्हणाले. "जोड्याचं टोक जिकडे, माणूस तिकडे गेला. हा निसर्गाचा नियम आहे. बाण बघ. आपल्याकडून निघाला, त्याच्याकडे गेला. आणि परतीचे ठसे?"

"नाहीत."

"नाहीत! कारण चोर परत येत नाही."

मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण बुधवार तोंडावर आला होता, रेडिओ अजून चौदा इंचांवर ठाम होता, आणि माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला टायरं न मिळण्यात काहीच अडचण वाटत नव्हती. तो कोपरा नुकताच रंगवलेला होता.

कालेर्वोनं दार उघडलं तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

"ये आर्वो. हेल्वी, ये गं. आज एक दिवस आधीच भट्टी लावली. परवा बर्फात अडकायला नको."

"टायरं कुठे आहेत?" काका म्हणाले.

"कसली टायरं?"

"प्रश्नाला प्रश्न. लिही, हेल्वी. काकवी कुठे ठेवतोस?"

कालेर्वोचा चेहरा ताठ झाला. "काकवी? माझ्या पावात? आर्वो, तू मला तीस वर्षं ओळखतोस. मी माल्ट घालतो, मोड आणून भाजलेल्या धान्याचं पीठ. काकवी घालणारे लोक वेगळे. ते पलीकडच्या गावात राहतात."

हा आरोप त्याला चोरीपेक्षा जास्त लागला होता. त्यानं पावाचा काप कापून काकांच्या हातात ठेवला. काकांनी खाल्ला, विचार केला, आणखी एक मागितला आणि कबूल केलं की माल्ट आहे.

"पण ठसे खोटं बोलत नाहीत," ते तोंड भरलेलं असताना म्हणाले. "आमच्या सौनापासून तुझ्या गोठ्यापर्यंत. बाण तुझ्याकडे बोट दाखवतायत."

कालेर्वोनं खिडकीतून कुरणाकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा कुरणाकडे. तो हसेल असं मला वाटलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"अरे आर्वो," तो म्हणाला, "ते टायर आहे, जोडा नाही. चाक फिरताना नक्षीचं टोक आधी जमिनीला टेकतं आणि बाजूच्या रेघा नंतर, पुढे टेकतात. म्हणून ठशाचं टोक कायम मागे असतं. ट्रॅक्टर जिथून आला तिकडे. हे माझ्या गाईलासुद्धा ठाऊक आहे."

"म्हणजे तू आमच्याकडून इकडे आला नाहीस."

"नाही."

"तू इकडून आमच्याकडे गेलास!"

कालेर्वोनं मान हलवली.

"आणि परत?"

"रस्त्यानं. डांबरावर एवढा बर्फ टिकत नाही, ठसे उठत नाहीत."

"मग आमच्याकडे कशाला आला होतास? बोल!"

कालेर्वोनं हातावरचं पीठ झटकलं. मग हातावर नसलेलं पीठही झटकलं. मला अचानक आठवलं की सौनामागची लाकडाची रास कालपेक्षा उंच, थेट खांद्याएवढी झाली होती, बर्चची, सुकी, एका मापात फोडलेली.

"काका," मी म्हणाले, "चला."

"थांब! तो कबूल करतोय!"

"लाकडं टाकायला गेलो होतो," कालेर्वो जमिनीकडे पाहत पुटपुटला. आमच्याकडे कोणी चोरी कबूल करताना एवढं लाजत नाही.

आम्ही परत आलो तेव्हा आईला सगळं कळलंच होतं, कारण काकांचा आवाज कुरणापलीकडे जातो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"भावजी," ती म्हणाली, "तो सप्टेंबरपासून लाकडं आणतोय. मी त्याच्या पायरीवर नीसूचा डबा ठेवते. तो डबा रिकामा करून टपालपेटीखाली ठेवतो. आम्ही एका शब्दानं बोललो नाही. आता तुम्ही त्याला त्याच्याच घरात पकडलंत. उद्यापासून त्यानं काय करायचं, दार वाजवून यायचं?"

काकांनी टोपी हातात फिरवली.

"वही बंद कर, हेल्वी," ते म्हणाले. आणि दाराशी गेल्यावर, "तात्पुरती."

*

बुधवारी आभाळ खाली आलं होतं आणि सरोवराकडून ओल्या लोखंडाचा वास येत होता. काका मुख्य कार्यालयात बसून होते. त्यांनी रात्रभर विचार केला होता, असं त्यांच्या जाकिटाच्या सुरकुत्यांवरून दिसत होतं.

"मी चुकीचा प्रश्न विचारत होतो," ते म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं. खरा प्रश्न वेगळा. टायरं नसल्यानं फायदा कोणाचा?"

मी वहीचं पान उलटलं.

"गवत नसलेली व्यक्ती. शहरात राहते. कडी न फोडता शेडमध्ये जाऊ शकते. आणि टायरं सापडली नाहीत तर तिला जे हवंय ते मिळतं." ते भिंग खाली ठेवून माझ्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत होते. "हेल्वी, तू घेतलीस का गं?"

त्यांच्या आवाजात गुप्तहेर नव्हता. लहानपणी मला जोडे घालताना अंगठा कुठे टेकतो ते विचारायचे, तसा तो आवाज होता.

"नाही," मी म्हणाले. आणि मग, काकांना तरी खरं सांगावं म्हणून, "पण नाही सापडली तर बरं, असं वाटत होतं मला. मे महिन्यात ती दोनशे चाळीस पावलं अँब्युलन्सला अर्ध्या मिनिटात कापता आली. तेव्हा बर्फ नव्हता. तरी उपयोग झाला नाही. जानेवारीत आई एकटी असेल, काका."

काकांनी खिशातून साखरेचा खडा काढून मला दिला. जोडे विकत घेणाऱ्या मुलांना ते द्यायचे तसाच.

"संशयित मुक्त," ते म्हणाले.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. मार्लिस आली होती. मार्लिस आमच्या रस्त्यावर सव्वीस वर्षं टपाल वाटते आणि कोणाच्या घरी काय चाललंय हे पाकिटावरून ओळखते. फक्त ती त्याला तपास म्हणत नाही. तिच्या मागोमाग आई आली, खांद्यावर शाल घेऊन.

"सेल्मा, हा पत्ता बदलण्याचा फॉर्म," मार्लिस म्हणाली. "जायचं असेल तर आजच सही करून दे, म्हणजे टपाल मुलीकडे पाठवता येईल. जायचं नसेल तर चूल पेटवायला घे. मला काय, मी सरकारची माणूस."

आईनं फॉर्म घेतला. तिनं चष्मा लावला नाही, म्हणजे वाचला नाही.

"टायरं मिळाली नाहीत," ती म्हणाली. "बोलले आहे मी हेल्वीला. शब्द तो शब्द."

तिनं आजूबाजूला टेकायला काहीतरी शोधलं. मी गडबडीनं बाकाखालचं गोणपाट ओढलं, म्हणजे चाकावर चाक ठेवून तिला बसायला होईल. गोणपाट सुटलं.

मार्लिसनं चाकांकडे पाहिलं. "ही काय?"

"ती निरर्थक आहेत," काका सीटवरून म्हणाले. "गवताची. गुळगुळीत. तपासाशी संबंध नाही."

"ओलावीच्या ट्रॅक्टरची?"

"त्याचीच."

"दुसरी आहेत का अशी?"

"एकच जोडी. उन्हाळ्याची ही, हिवाळ्याची चोरलेली."

मार्लिसनं हातमोजा काढला आणि नाक पुसलं.

"मग आर्वोराव," ती म्हणाली, "उन्हाळ्याची जर इथे खाली पडलीत, तर तुम्ही ज्याच्यावर बसलाय ते कशावर उभं आहे?"

छपरावर बर्फाचे पहिले कण वाजायला लागले.

काकांनी अतिशय सावकाश खाली पाहिलं. मग ते एक पाय उचलून, जणू सीट तापली आहे तसे, खाली उतरले.

अर्थातच. बाबांनी मागच्या ऑक्टोबरमध्ये दातेरी टायरं चढवली. मे महिन्यात ती उतरवून खुंटीला टांगायची असतात. या वर्षीचा मे तसा गेला नाही. टायरं कुठेही गेली नव्हती. त्यांना फक्त कोणी उतरवलं नव्हतं. मी ती चाकं हातात घेतली होती, वर लिहिलेलं वाचलं होतं, आणि मला एवढंच दिसलं होतं की ते अक्षर बाबांचं आहे.

आई ताडपत्रीपाशी गेली. आम्ही कोणीच पुढे झालो नाही. मला वाटलं होतं त्या गाठी सुटणार नाहीत, कापाव्या लागतील. सहा महिने मी त्या अशाच डोक्यात धरून होते. आईनं दोरीचं एक टोक चिमटीत धरून ओढलं. गाठ एका ओढीत सुटली. दुसरीही तशीच.

"दोन दिवसांनी परत येणार होता," आई म्हणाली. "पक्की कशाला मारेल?"

ती दोरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं ती नीट गुंडाळली आणि शालीच्या आत ठेवली.

*

टायरं होती, पण उजवं हवा जाऊन खाली बसलं होतं. आतला व्हॉल्व्ह झिजून टायर मऊ पडलं होतं, त्याची कड लोखंडी चाकावरून सुटली होती, आणि त्याच्याखाली तपकिरी चिकट तळं साचलं होतं. दाराशी आलेला कालेर्वो (काकांचा आवाज ऐकून, दार न वाजवता, हवा भरायचं यंत्र काखेत घेऊन) वाकून म्हणाला, "साखरेच्या बिटाचा रस. वजनासाठी ओलावी टायरात भरायचा. थंडीत गोठत नाही."

"काकवी," काका म्हणाले. "मी म्हणालोच होतो."

"तू म्हणालास मी टाकली."

"तपशील."

कालेर्वो काकांशी बोलला याचा अर्थ त्यानं माफ केलं होतं.

मग काम. आईला सगळं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती याच दारात कॉफी घेऊन उभी राहिली होती. तिनं सांगितलं आणि आम्ही केलं. चाक उचलून खाली लाकडाचा ओंडका. कडेला भांड्यांचा साबण, सगळीकडे, कंजुषी नको. टायरच्या पोटाभोवती पट्टा आवळायचा, म्हणजे कडा बाहेर फुगून लोखंडाला टेकतात. मग हवा. काकांनी साबण एवढा लावला की शेडमध्ये फुगे उडत होते. हवा भरत गेली, टायर कुरकुरलं, आणि एकदम बंदुकीसारखा आवाज झाला. काका ओंडक्यामागे आडवे झाले.

"बसलं," आई म्हणाली. "उठा भावजी, कड बसली. कोणी गोळी नाही घातली."

मार्लिसकडे तिच्या गाडीच्या डब्यात नवा व्हॉल्व्ह होता, कारण सरकारी माणसाच्या गाडीत सगळं असतं. सांडलेला रस पुन्हा भरायला वेळ नव्हता, म्हणून उजवी बाजू हलकी राहिली.

"वजन लागेल मागे," कालेर्वो म्हणाला. "वाळूची गोण वगैरे."

सगळ्यांनी एकदमच काकांकडे पाहिलं.

*

गुरुवारी चौदा नाही, सोळा इंच पडला. सकाळी आईनं बाबांचा जाड कोट घातला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि ट्रॅक्टर सुरू केला. मागे तिनं ठोकून घेतलेल्या फळीवर काका बसले, उजव्या बाजूला कललेले, नारिंगी, अत्यंत गंभीर.

"मी इथे वजन म्हणून नाही," त्यांनी मला सांगितलं. "निरीक्षणासाठी आहे."

पातं खाली आलं, बर्फ कडेला वळत गेला, दाते रुतले आणि ट्रॅक्टर निघाला. मी मागून चालत राहिले. आईच्या मानेचा ताठपणा मला मागूनही दिसत होता. मी पावलं मोजायला लागले आणि साठाच्या आसपास सोडून दिलं, कारण ती माझ्यापेक्षा नीट जात होती.

टपालपेटीपाशी मार्लिस गाडीत थांबली होती. आईनं सकाळी माझ्याकडे दिलेला फॉर्म मी खिशातून काढला. त्यावर सही नव्हती. पाठीमागे आईच्या अक्षरात यादी होती: व्हॉल्व्ह दोन, बिटाचा रस, भांड्यांचा साबण (भावजींनी संपवला), वेलदोडे.

"हा मला नको," मार्लिस म्हणाली. "यादी आहे ती. दुकानात ने."

आई ट्रॅक्टरवर बसूनच श्वास घेत होती. गाल लाल झाले होते. मी फक्त म्हणाले, "त्या खोलीला रंग दिलाय. उन्हाळ्यात तू ये."

"बघू," आई म्हणाली. आमच्याकडे हे हो असतं.

काका फळीवरून उतरले होते. भिंग काढून ते गुडघ्यावर बसले आणि आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहू लागले. मोकळ्या केलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर बाबांच्या टायरांचे ठसे उठले होते, दोन रांगांत, रेखीव, बाणामागून बाण, आणि प्रत्येकाचं टोक मागे, घराकडे.

"हेल्वी, वही," काका म्हणाले. "लिही. ठसे ताजे आहेत. टायरं ओलावीची. टोक घराकडे." ते थांबले. "म्हणजे कोणीतरी रस्त्यावरून आत गेलंय. घरी."

ठशाच्या टोकाबद्दल परवा कालेर्वोनं काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. काकांनाही आठवत असावं.

मी लिहून घेतलं, आणि त्यांना उठायला हात दिला.